आवाज गेल्यानंतरचा भोंगा

आमच्या आत्याला कारखान्यात सगळे भोंगा म्हणायचे. आधी तोंडावर नाही म्हणायचे, तिची पाठ वळली की म्हणायचे. एकदा तिने ते ऐकलं आणि गर्रकन वळून म्हणाली, "भोंगा वाजल्याशिवाय तुमची सुट्टी होत नाही, एवढं लक्षात ठेवा." तेव्हापासून तोंडावरही म्हणायला लागले आणि तीही ओ द्यायला लागली.

आवाजच तसा होता. पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात माणूस कानाशी येऊन ओरडला तरी अर्धं कळायचं. तिथे आत्या या टोकाला उभी राहून हाक मारायची आणि त्या टोकाचा माणूस मान वर करायचा. कारखान्यात रुग्णालयातल्या पलंगांचे भाग बनत. बिजागऱ्या, कठडे, आणि कठडा वर उचलला की खट्‌कन बसणारी खिट्टी. बराचसा माल एका जपानी पलंग कंपनीला जायचा. त्यांचे इंजिनियर अधूनमधून येऊन राहत. ते काय म्हणतात ते आमच्या लोकांना सांगायचं आणि आमचे लोक काय म्हणतात ते त्यांना, हे आत्याचं काम.

ती भाषेची पंडित वगैरे नव्हती. नोकरीला लागली तेव्हा पॅकिंगमध्ये खोकी भरत होती. यंत्रं बसवायला जपानी लोक आले, महिनोन् महिने राहिले, आणि कानावर पडेल ते उचलायची हिला लहानपणापासून सवय. मग संध्याकाळचा वर्ग लावला, परीक्षा दिल्या, आणि कंपनीने तिला दुभाषी म्हणून ऑफिसात बसवलं. कान तयार होता, जीभ तर काय विचारू नका. लिपीशी मात्र तिचं कायम सावत्र नातं. इंग्रजीचंही तेच. बोलताना कुणाच्या बापाला घाबरायची नाही, लिहायला बसली की स्पेलिंगशी मारामारी. पण लिहायची वेळच फारशी येत नसे. दोन भाषांतले मेल बाहेरच्या एका संस्थेकडून करून यायचे. ते उशिरा यायचे आणि आले की लाकडासारखे कडक असायचे.

आतोबा गेल्यापासून आत्या आमच्याकडेच राहायची. एक दिवस आईला तिच्या गळ्याशी सूज दिसली. थायरॉइडची गाठ निघाली. गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, काढावी तर लागेलच, पण आवाजाची खात्री देता येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. आत्याने सही केली. शुद्धीवर आल्यावर तिने तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, थोडा धीर धरा. धीर धरला. आवाज आला नाही. घरात अगदी शांतता असली तर कुजबुज ऐकू येई, तेवढीच.

ती रडली असेल तर आम्हाला दिसली नाही. तिने बाजारातून एक लहान पांढरी पाटी आणि शाईची पेनं आणली, पाटीला दोरी बांधली, ती गळ्यात अडकवली आणि कामावर हजर झाली.

एक्स्पोर्टचे साहेब तसे गोड बोलणारे. कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज नेहमी खालच्या पट्टीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कंपनीसाठी खूप केलंत. आता आराम करा. तुमचं जे काही देणं आहे ते आम्ही नीट देऊ. नाहीतर स्टोअरमध्ये एक खुर्ची देतो, बसून राहा. दुभाष्याला आवाजच नसेल तर आम्ही तरी काय करणार, तुम्हीच सांगा."

आत्याने पाटीवर लिहिलं आणि पाटी त्यांच्यासमोर धरली. "आवाज गेलाय. अक्कल शाबूत आहे."

साहेब हसले. हसून विषय संपतो अशी त्यांची समजूत असावी. आत्याने पुसून पुन्हा लिहिलं. "बाहेरून येणारे मेल बंद करा. दोन्ही भाषांतले मेल मी लिहीन."

"तुम्ही? अहो, तुम्हाला लिहायचा कंटाळा आहे, हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे."

"होता," आत्याने लिहिलं.

त्याच सुमाराला ऑफिसात सगळ्यांच्या संगणकावर एआय सहायक आला होता. लोक त्याच्याकडून रजेचे अर्ज लिहून घेत. आत्याने रविवारी मला शेजारी बसवलं आणि तो कसा वापरायचा ते शिकून घेतलं. तासाभरातच तिने त्याचं नाव ठेवलं, शहाणा. कारण काहीही विचारा, त्याच्याकडे उत्तर तयार.

मेल असा असायचा: वर जपानी, खाली इंग्रजी. वरचा भाग तिकडच्या इंजिनियरसाठी. त्याला कारखान्यात मोजपट्टी म्हणत, कारण तो हात मिळवायच्या आधी खिशातून मोजपट्टी काढायचा. खालचा भाग आमच्या कंपनीच्या परदेशातल्या मोठ्या ऑफिससाठी, त्यांना जपानी येत नव्हतं. एकच मेल, एकाच वेळी दोघांना. त्यामुळे कुणाला काय सांगितलं याबद्दल पुढे वाद नको, अशी पद्धत होती.

आत्या आधी आपल्या भाषेत सगळं लिहायची. मग शहाण्याला म्हणायची, याचं जपानी कर, इंग्रजी कर. ते आलं की मोठ्याने वाचायची. म्हणजे ओठ हलवून, वाऱ्याने. जपानी कानाला बरोबर वाटलं पाहिजे हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम तिने स्वतःच शोधला. तयार झालेलं जपानी ती नव्याने शहाण्यापुढे टाकायची आणि म्हणायची, आता हे मला साध्या मराठीत सांग. मग इंग्रजीचंही तसंच. दोन्हीकडून परत आलेली मराठी सारखी निघाली तरच मेल जायचा. ही मराठी कुणाला दिसायची नाही, पण तिचा खरा मेल तोच.

भांडणंही व्हायची. एकदा वॉशरची दोन खोकी उशिरा गेली, तर शहाण्याने जपानीत एवढी क्षमा मागितली की वाचून आत्याच्या भुवया केसांना टेकल्या. तिने टाइप केलं, "वॉशर उशिरा गेलेत. कुणाचा खून नाही झाला. लोटांगण काढून टाक." त्याने ते काढून टाकलं. पुढच्या वेळी तिने क्षमेची ओळच उडवली. शहाण्याने सुचवलं की निदान सुरुवातीला एक ओळ असावी, नाहीतर समोरच्याला तुसडेपणा वाटेल. हिने ऐकलं नाही. मोजपट्टीचं उत्तर असं कोरडं ठणठणीत आलं की दोन दिवस आत्या घरात गुमसुम होती. "या वेळी मेला खरंच शहाणा निघाला," ती कुजबुजली.

पण कधी तिचंही चालायचं. आम्ही मागितलेल्या मुदतवाढीवर तिकडून उत्तर आलं. शहाण्याने त्याचं इंग्रजी केलं, सकारात्मक विचार करू. साहेब खूश होऊन वर कळवायला निघाले. आत्या पाटी घेऊन आडवी आली. "हे 'बघू' आहे."

"म्हणजे?"

"घरमालकाला गळकं छत सांगितलं की तो म्हणतो ना, बघू. ते."

साहेबांचा चेहरा उतरला. मुदतवाढ मिळाली नाहीच. ती गोष्ट शहाण्याला सांगितल्यावर तो पुढच्या वेळी अशा ओळीपाशी थांबून विचारू लागला, की हा नकारही असू शकतो, तुम्हाला काय वाटतं? आत्याला ते आवडलं. "विचारतो तरी," ती म्हणाली. "ऑफिसात तेवढंही कुणी करत नाही."

अशी एक-दोन वर्षं गेली. मेलखाली तिचं नाव असायचं, पूर्ण, दोन्ही लिप्यांत. मोजपट्टी आता साहेबांना न विचारता सरळ तिलाच लिहायचा.

मग खिट्टीचं प्रकरण झालं.

खिट्टीच्या पोटात एक लहान स्प्रिंग असते. ती भट्टीत तापवून कडक करतात. भट्टी सांभाळणाऱ्यांना सगळे मामा म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. मामांना एका सकाळी चाचणीच्या खिट्टीत तुटलेली स्प्रिंग सापडली. त्यांनी दुसरी घेतली, तीही काही वेळ उघडझाप केल्यावर तुटली. त्यांनी भट्टी तपासली. तापमान दाखवणारा काटा खोटं सांगत होता. केव्हापासून खोटं सांगतोय ते शोधलं, तेव्हा तीन लॉट त्यात सापडले. एक अजून गोदामात होता. दोन जाऊन जपानी पलंगांना बसलेही होते.

कठड्याला टेकून झोपलेला म्हातारा माणूस, आणि खिट्टी सुटली, म्हणजे काय होईल हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

मामा साहेबांकडे गेले. साहेबांनी दार लावून घेतलं. त्या महिन्यात त्यांचं मोठ्या ऑफिसात जाणं ठरत होतं, ही गोष्ट शिपायापासून सगळ्यांना माहीत होती. थोड्या वेळाने आत्याला बोलावणं आलं.

"बाई, या वेळी दोन वेगळे मेल करा," साहेब म्हणाले. "मोठ्या ऑफिसला इंग्रजीत लिहा, तीन लॉटबद्दल थोडी शंका आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत. जपानला लिहा, एक लॉट संशयित आहे, तो आमच्याच गोदामात आहे, तुमच्याकडे आलेला माल व्यवस्थित आहे."

आत्याने लिहिलं, "तो व्यवस्थित नाही."

"असेलही. सगळ्याच स्प्रिंगा तुटतील असं थोडंच आहे? पुढच्या मालात आपण हळूच नव्या खिट्ट्या पाठवू, बदलून टाका म्हणू. उगाच गावभर बोंब कशाला?"

"दोघांना एकच मेल. वर जपानी, खाली इंग्रजी. नेहमीसारखा."

"बाई," साहेबांचा आवाज अजूनही खालच्या पट्टीत होता, "मी तुमचं मत विचारलेलं नाही. तुम्ही दुभाषी आहात. मी सांगेन ते दुसऱ्या भाषेत करायचं, एवढंच."

आत्याने पाटी पुसली. तिला घाई नव्हती. मोठ्या अक्षरांत लिहिलं, "नाही."

मामा दाराशी उभे होते, त्यांनीच हे आम्हाला नंतर सांगितलं. म्हणाले, "एवढी वर्षं ताईंचा आवाज ऐकला, पण त्या दोन अक्षरांएवढं मोठं त्या कधी बोलल्या नव्हत्या."

साहेब म्हणाले, "ठीक आहे. यंत्र आहे ना? तुमची गरजच काय."

त्यांनी स्वतः बसून मेल केले. विभागाचं खातं एकच असल्याने त्यांनी काय विचारलं ते आत्याला नंतर वाचता आलं. आधी त्यांनी दोन्ही मजकूर एकदम टाकले. शहाणा म्हणाला, या दोन पत्रांत मेळ नाही, इंग्रजीत तीन लॉट आहेत, जपानीत एक, यातलं खरं कोणतं? साहेबांनी उत्तर दिलं नाही. नवीन पान उघडलं, फक्त जपानी पत्राचा मजकूर दिला आणि चांगलं नम्र जपानी करून मागितलं. या वेळी शहाण्यापुढे ताडून बघायला दुसरं काही नव्हतं. त्याने करून दिलं. भाषा म्हणाल तर देखणी. मेल विभागाच्या पत्त्यावरून गेले आणि खाली नेहमीसारखं नाव आपोआप लागलं. आत्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते वाचलं. तुमच्याकडे आलेला माल व्यवस्थित आहे, निश्चिंत असावे. आणि खाली तिचं नाव, दोन्ही लिप्यांत.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच खुर्चीवर बसली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे वाचून घेतलं. बाबा स्वभावाने भिडस्त. म्हणाले, "ताई, तुझी थोडीच वर्षं राहिलीत. मेल काही तू लिहिला नाहीस, तुझ्यावर येणार नाही. डोळ्यांवर कातडं ओढून घे."

आत्याने पाटीवर इतकं दाबून लिहिलं की पेनाचं टोक चेपलं. "आवाज गेला. आता डोळेही मिटू? मग उरलं काय माझ्यात, नुसती भूक?"

"अगं, पण नोकरी गेली तर?"

"तर तुझ्या घरात भांडी घासीन. पण माझ्या नावाने खोटं जाऊ देणार नाही."

आई आतून म्हणाली, "भांडी घासायला आम्ही मेलोय का? जा तुम्ही, करा काय करायचं ते." आत्या हसली. हसतानाही तिचा नुसता वाराच यायचा, पण खांदे हलले की आम्हाला कळायचं.

पुढच्या दिवशी ऑफिस जेवायला गेलं असताना ती संगणकापुढे बसली. या वेळी तिने मराठीत आधी लिहिलं नाही. सरळ जपानीत टाइप केलं, जसं ती पूर्वी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांत उभी राहून बोलायची तसं. लहान लहान वाक्यं. पत्राच्या सुरुवातीचं नेहमीचं 'आपली कृपा सदैव असते' वगैरे काही नाही. माझ्या नावाने तुम्हाला आलेला मेल मी लिहिलेला नाही. त्यातली गोष्ट खरी नाही. तीन लॉट खराब असू शकतात. त्यांची हमी देता येत नाही. दोन तुमच्याकडे आहेत. पलंगांवर माणसं झोपतात. कृपा करून आज थांबवा.

मग तिने शहाण्याला ते तपासायला दिलं. तो म्हणाला की व्यावसायिक पत्रासाठी हे फार थेट आहे, औपचारिक करून देऊ का?

तिने लिहिलं, "चुका काढ. माझं बोलणं काढू नकोस."

त्याने तसंच केलं. क्रियापदांची दोन रूपं दुरुस्त केली. एका ठिकाणी हमी म्हणायचं होतं तिथे भरपाईचं अक्षर पडलं होतं, कारण दोघांचा उच्चार एकच. तेवढं बदललं. बाकी एकाही वाक्याला हात लावला नाही. मग तिने त्याच्याकडून त्याचंच इंग्रजी करून घेतलं, तसंच तुटक, तसंच सरळ. दोन्ही मराठीत परत आणून वाचलं. मामांच्या चाचणीचे आकडे जोडले. मोजपट्टीला आणि मोठ्या ऑफिसला एकच मेल, साहेबांनाही प्रत. लपूनछपून काही करायचं नव्हतं.

पाठवलं, संगणक बंद केला आणि डबा खायला गेली.

मोजपट्टीचं उत्तर त्याच दुपारी आलं. दोन्ही लॉटचे पलंग शोधून कठडे बांधून ठेवायला सांगितले आहे, नव्या खिट्ट्या ताबडतोब पाठवा, भट्टीची नोंद पाठवा. शेवटी एक ओळ होती, आधीचा मेल वाचला तेव्हाच शंका आली होती, तुम्ही कधी 'निश्चिंत असावे' म्हणत नाही.

नंतर कळलं, कुणाला इजा झाली नव्हती. एका ठिकाणी एका आजोबांचा कठडा खाली आला होता, पण ते तेव्हा खुर्चीत बसले होते.

चौकशी लागली ती आत्यावर. खोलीत साहेब, एचआरच्या बाई आणि आत्या. आता साहेबांचा आवाज खालच्या पट्टीत राहिलेला नव्हता. कंपनीचं नाक कापलंत, वरिष्ठांचा हुकूम मोडलात, तुमच्यामुळे ऑर्डर जाणार, असं बराच वेळ चाललं.  त्यांचा श्वास संपल्यावर आत्याने पाटी पुढे केली.

"मला बोलता येत नाही. माझी उत्तरं लेखी असतील. म्हणून प्रश्नही लेखी द्या."

"हा काय तमाशा आहे?" साहेब म्हणाले.

 एचआरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, त्यांची मागणी चुकीची नाही. चौकशी एका बाजूने तोंडी आणि दुसऱ्या बाजूने लेखी कशी चालेल?" आणि त्यांनी कोरा कागद साहेबांपुढे सरकवला.

साहेबांनी पेन काढलं. पहिलं वाक्य झरझर लिहिलं, वरिष्ठांचा आदेश पाळण्यास नकार दिला. कागद आत्याकडे आला. तिने खाली लिहिलं, "कोणता आदेश? काय शब्द होते, ते लिहा." कागद परत गेला.

साहेबांनी पेन टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं.

"साहेब?" एचआरच्या बाई म्हणाल्या. "आदेश काय होता?"

"ते... साधारण मेलबद्दल होतं."

"हो, पण नेमका काय?"

 आत्याने पाटीवर आणखी एक ओळ लिहिली आणि दोघांना दिसेल अशी धरली. "एकदा लिहून झालं की जपानी आणि इंग्रजी मी करून देते. दोन्ही ऑफिसांना पाठवू. ते माझंच काम आहे."

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. म्हणाले, आज बरं वाटत नाही, पुढे बघू.

हे कसलं 'बघू' ते आत्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आदेश मोडल्याचा आरोप तिथेच विरला. परवानगीशिवाय मेल पाठवल्याबद्दल मात्र ताकीद द्यायचं ठरलं. एचआरच्या बाई तोंडीच देणार होत्या. आत्याने तीही लेखी मागितली, वाचली आणि खाली लिहिलं, "हे खरं आहे. परवानगी घेतली नव्हती. मिळाली नसती." आणि सही केली.

आता सगळं छान झालं म्हणावं तर तसं नाही. जपानी ऑर्डर अर्ध्यावर आली. जादा पाळ्या बंद झाल्या. प्रेस शॉपमध्ये कुजबुज सुरू झाली, भोंग्याने आमच्या पोटावर पाय दिला. साहेबांनी आत्याचं टेबल ऑफिसातून उचलून तपासणी विभागाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली टाकलं. मेलखालचं तिचं नाव काढून नुसतं विभागाचं नाव ठेवायचा हुकूमही निघाला. ती रोज स्वतःच्या हाताने नाव टाइप करायची. हुकुमाची आठवण दिली की लिहायची, "लेखी द्या." लेखी कुणी दिलं नाही.

कुजबुज तिच्या कानावर आली, तेव्हा ती एका दुपारी उपाहारगृहात गेली आणि भिंतीकडेच्या नेहमीच्या जागेऐवजी मधल्या लांब टेबलावर, ज्यांची पाळी गेली होती त्यांच्यात, जाऊन बसली. पाटीवर लिहिलेलं होतं, "ज्याला बोलायचंय त्याने समोर बोलावं. मी मध्ये तोंड घालू शकत नाही."

 मग एक प्रेसवाला बोलला. चिडून, बराच वेळ. घरचं सांगितलं, धाकट्याची शाळा सांगितली. आत्याने सगळं ऐकलं. मान खाली घातली नाही, वादही घातला नाही. त्याचं झाल्यावर लिहिलं, "तुझं नुकसान झालंय. मला माहीत आहे. पण त्या पलंगावर तुझी आई असती तर?"

"माझी आई इथे माझ्या घरात आहे आणि तिला औषध लागतं," तो म्हणाला आणि उठून गेला. त्याचा राग गेला नाही. कित्येक महिने तो तिच्याशी बोलला नाही. आत्याने घरी येऊन सांगितलं, त्याचंही चूक नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच टेबलावर जाऊन बसली, आणि तिसऱ्या दिवशीही. कोपऱ्यात बसून जेवायला मी काही चोरी केलेली नाही, म्हणायची.

साहेबांचं काय झालं? काही नाही. थोडं उशिरा, पण गेले मोठ्या ऑफिसात. निरोप समारंभाच्या वेळी, जपानी कंपनीला पाठवायला, त्यांनी आत्याकडून दोन ओळी जपानीत लिहून मागितल्या. तिने लिहिल्या. शहाण्याने विचारलं, आणखी गौरवपूर्ण करू का? ती म्हणाली, "जेवढं खरं आहे तेवढं पुरे." दोन ओळींत साहेबांच्या इस्त्रीचं आणि वेळेवर येण्याचं कौतुक होतं.

ऑर्डर पुढे हळूहळू वाढली. पूर्वीएवढी अजून नाही. मोजपट्टी भट्टी बघायला स्वतः आला, दोन दिवस मामांच्या शेजारी उभा राहून काट्यावर डोळा ठेवला आणि जाताना आत्याच्या पाटीवर स्वतःच्या हाताने काहीतरी लिहून गेला. काय लिहिलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. घरी यायच्या आत पुसूनही टाकलं होतं.

आत्याला जिन्याखालून परत ऑफिसात बोलावलं, तेव्हा तिने जायचं नाकारलं. इथे बरं आहे, म्हणाली, माल दिसतो.

परवा मामा तिच्या टेबलाशी येऊन घुटमळत होते. टोपी काढली, पुन्हा घातली.

"ताई, भट्टीपाशी धूर ओढणारा पंखा बंद पडलाय. तोंडी सांगून सांगून माझी जीभ झिजली. पोरं खोकतात. मोठ्या ऑफिसला आणि त्या मोजपट्टीला, दोघांना कळवलं तर?"

आत्याने पायाने स्टूल पुढे ढकललं आणि बसायची खूण केली. मामांनी सांगितलं, तिने टाइप केलं. मामा म्हणाले, "थोडं सौम्य ठेवा." तिने ते मनावर घेतलं नाही. जपानी झालं, इंग्रजी झालं, दोन्ही मराठीत फिरून आलं. तिने पडदा मामांकडे वळवला. त्यांनी ओठ हलवत सावकाश वाचलं आणि मान डोलावली.

मग आत्याने पाटी उचलली. "खाली कुणाचं नाव?"

"विभागाचं टाका की."

आत्या नुसती बघत राहिली. भट्टीकडून कुणीतरी खोकलं.

"बरं, माझं टाका," मामा म्हणाले. आणि ती टाइप करू लागल्यावर म्हणाले, "नुसतं मामा नको हं. पूर्ण."